वेळूचे कांटे व जमिनीचा कस

मुलकी दप्तरांत आम्हीं जन्मभर जमिनीचा आकार मांडला. तिच्या अंगची ओल मात्र कधीं लिहिली नाहीं. ही उणीव डॉ. माधव गाडगीळ यांच्या कार्यामुळें ध्यानांत आली.

पुण्यास १९४२ सालीं जन्मलेले हे परिस्थितिविज्ञानवेत्ते हार्वर्ड येथें विद्या संपादून १९७३ पासून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत होते. उत्तर कन्नड जिल्ह्यांत कागद-गिरणीसाठीं तोडले जाणारे वेळू घटत चालले, तेव्हां त्यांनीं कारण शोधिलें. बेटें मोकळीं वाढावीं म्हणून त्यांच्या बुडाचे कांटे साफ करीत असत. गांवकरी म्हणाले, कांटे हेंच कोंबांचें कुंपण. तें गेलें कीं गुरें कोंब खातात. पाहणीअंतीं तेंच खरें ठरलें.

त्यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीच्या २०११ च्या अहवालांत आपल्या जिल्ह्याचाही विशेष विचार आहे. रासायनिक कीटकनाशकें क्रमानें सोडावीं, जमिनींत कर्ब सांठविणाऱ्या शेतकऱ्यास मोबदला द्यावा, ग्रामसभांस विचारावें, असें तो सांगतो. निर्बंधांच्या भयानें विरोध झाला व अहवाल जसाच्या तसा स्वीकारला गेला नाहीं. तथापि कर्ब सांठविण्यास कोणाचा हुकूम लागत नाहीं.

पालापाचोळा कुजला म्हणजे त्यांतील कांहीं कर्ब मातींत राहून ओल धरतो. भाजला म्हणजे बहुतेक हवेंत जातो. भाजावळीनें तण मरतें व राख मिळते, हेंही खरें. म्हणून सर्व दाढ एकदम बदलूं नये. शेतकरी बंधूंनीं यंदा एक वाफा कुजक्या खतावर करून दोन्ही तरवे ताडून पाहावे.