न ऐकलेल्या सामन्याची आठवण

खेळाच्या शौकिनाला त्याच्या आवडत्या स्पर्धेची आठवण विचारावी आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे. गोल्फचा शौकीन असेल, तर चार दिवसांच्या झुंजीतील अखेरचा एकच फटका तो रंगवून सांगेल. क्रिकेटचा भक्त असेल, तर १९८३ सालच्या जून महिन्यातील लॉर्ड्सचे मैदान त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहील. भिलाईच्या पोलादनगरीत ज्यांची उमेदीची वर्षे गेली, त्या आमच्या ओळखीच्या वडीलधाऱ्या मंडळींना हाच प्रश्न केला, तर त्यांच्या तोंडी बहुधा एकच तारीख येते. ती म्हणजे १५ मार्च १९७५.

त्या दिवशी क्वालालंपूर येथे भारताने पाकिस्तानचा २-१ असा पराभव करून हॉकीचा विश्वचषक जिंकला. आमच्या घरीही या सामन्याची एक आठवण आहे. ती माझ्या वडिलांची. लहानपणापासून ती मी इतक्या वेळा ऐकली, की अशोककुमारचा विजयी गोल मी स्वतःच पाहिला असावा, असे मला वाटू लागले होते. पुढे पंचवीस वर्षांनी कळले, की ज्या सामन्याचे वर्णन बाबा एवढ्या तन्मयतेने करीत, तो त्यांनी ऐकलाच नव्हता! हे कसे घडले, ते सांगण्याआधी त्या काळच्या भिलाईची थोडी ओळख करून देणे आवश्यक आहे.

मुंबई-हावडा लोहमार्गावर, दुर्ग शहराला लागून असलेले भिलाई हे एके काळी लहानसे खेडे होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये पोलाद कारखान्याचा करार झाला आणि या खेड्याचे भाग्य पालटले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. मध्यंतरी १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली. तोवर या भागाच्या राज्याची राजधानी नागपूर होती, ती आता भोपाळला गेली. पण नागपूरशी असलेला मराठी माणसाचा राबता काही तुटला नाही. विदर्भातून कितीतरी तरुण नोकरीसाठी भिलाईला आले. त्यांतलेच एक माझे वडील.

वसाहतीत क्रमांक दिलेले विभाग होते. त्यांना सर्वजण ‘सेक्टर’ म्हणत. एका ओळीतल्या घरांतून पाच भाषा ऐकू येत. आमच्या डाव्या हाताला आंध्रातील एक कुटुंब राहत असे, उजव्या हाताला बंगाली, तर समोर पंजाबी. घरात प्रत्येकजण आपली भाषा बोले आणि अंगणात आले की सर्वजण मोडक्यातोडक्या हिंदीत संसाराची सुखदुःखे सांगत. ज्याला त्याला आपला गाव दूर होता. सणावाराला मन तिकडे ओढ घेई. अशा माणसांना एकत्र बसवणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी होत्या, त्यांत आकाशवाणीचे स्थान फार वरचे होते. दूरचित्रवाणी तेव्हा भिलाईपर्यंत पोचलेली नव्हती. आंध्रातील काकांकडे चांगल्यांपैकी ट्रान्झिस्टर होता आणि सामन्याच्या दिवशी तो त्यांच्या ओट्यावर येई. मग तो ओटा साऱ्या ओळीचा होई.

आता त्या स्पर्धेविषयी. हॉकी हा ज्या देशाने आपलाच खेळ मानला, त्या देशाला विश्वचषकाने दोनदा हुलकावणी दिली होती. १९७१ मध्ये बार्सिलोना येथे उपांत्य सामन्यात पाकिस्तानने आपल्याला हरवले. १९७३ मध्ये ॲमस्टेल्वीन येथील अंतिम सामन्यात दोन गोलांची आघाडी घेऊनही आपण नेदरलँड्सकडून हार पत्करली. ऑलिंपिकमध्येही १९६८ आणि १९७२ अशा दोन्ही वेळी कांस्यपदकावर समाधान मानावे लागले होते. त्यामुळे अजितपालसिंगच्या नेतृत्वाखाली संघ क्वालालंपूरला निघाला, तेव्हा आशेइतकीच धाकधूकही होती. संघाची धुरा ऑलिंपिकवीर बलबीरसिंग यांच्याकडे होती. संघाच्या यादीत शिवाजी पवार हे नाव वाचून आमच्या ओळीतल्या मराठी घरांना जरा अधिकच आपलेपणा वाटला, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

गटातील सामन्यांतच आपल्या संघाने चाहत्यांचा जीव टांगणीला लावला. अर्जेंटिनासारख्या संघाने आपल्याला २-१ असे हरवले. पश्चिम जर्मनीवर ३-१ असा विजय मिळाला, तेव्हा कुठे उपांत्य फेरीची वाट मोकळी झाली. तेथे यजमान मलेशियाशी गाठ होती. सामना संपत आला, तरी आपण १-२ असे मागे होतो. शेवटची पाच-सहा मिनिटे उरली असताना मायकेल किंडोला बाहेर बोलावून अस्लम शेर खान याला मैदानात धाडण्यात आले. पेनल्टी कॉर्नर मिळाला. अस्लमने गळ्यातील ताईताचे चुंबन घेतले आणि चेंडू गोलात मारला. बरोबरी झाली! मग जादा वेळेत हरचरणसिंगने विजयी गोल केला.

या प्रसंगात भिलाईकरांचा जीव दुहेरी गुंतलेला होता. अस्लम भोपाळचा, म्हणजे तेव्हाच्या आपल्या मध्य प्रदेशचा. किंडो हा सिमडेगाकडचा आदिवासी खेळाडू. पुढे तो राउरकेलाच्या पोलाद कारखान्यात नोकरी करून तेथेच स्थायिक झाला. त्यामुळे पोलादनगरीतल्या माणसांनी त्याला कायमचे आपल्या बिरादरीत जमा केले. एक ‘आपला’ बाहेर आला आणि दुसरा ‘आपला’ आत गेला, असे आमच्या ओळीतली मंडळी पुढे पुष्कळ वर्षे म्हणत.

अंतिम सामन्याचे वर्णन बाबांच्या तोंडून असे होई. “शनिवारचा दिवस. ओट्यावर पाय ठेवायला जागा नाही. जसदेवसिंगचा आवाज चढत चाललेला. पाकिस्तानच्या जाहिद शेखने पहिला गोल केला आणि ओट्यावर अशी शांतता पसरली, की कोणी खोकेना. मध्यंतरापर्यंत तीच स्थिती. उत्तरार्धात सुरजितसिंगने पेनल्टी कॉर्नरवर बरोबरी साधली. आणि मग अशोककुमार! ध्यानचंदचा मुलगा! त्याने फटका मारला, चेंडू गोलाच्या खांबाला आतून लागला आणि असा परत बाहेर आला.” येथे बाबा हाताचा पंजा झटकन मागे घेत. “पाकिस्तानी खेळाडू म्हणू लागले, गोल नाहीच. पण मलेशियाचे पंच विजयनाथन ठाम राहिले. गोल म्हणजे गोल!”

अशोककुमारचे वडील ध्यानचंद आणि अस्लमचे वडील अहमद शेर खान हे दोघेही १९३६ साली बर्लिन येथे सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात एकत्र खेळले होते, ही माहिती बाबा नेहमी शेवटी देत. बापांचा वारसा मुलांनी एकाच स्पर्धेत चालवला, याचे त्यांना फार अप्रूप होते.

मार्च २००० मध्ये या विजयाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. घरी पाहुणे आले होते. बाबांनी ही कथा पुन्हा सुरू केली आणि ते आत पाणी प्यायला गेले असताना आई सहज बोलून गेली, “हे कुठले त्या दिवशी ओट्यावर? यांची तर दुपारची पाळी होती.”

मला हे ऐकून धक्काच बसला. ज्या आठवणीवर मी लहानाचा मोठा झालो, ती खोटी होती काय? बाबा आजवर आपल्याला फसवीत आले काय? मी आईला खोदून खोदून विचारले, तेव्हा तिने सारी हकीकत सांगितली.

झोतभट्टी ही घरातल्या चुलीसारखी मनाला येईल तेव्हा विझवता येत नाही. एकदा पेटवली, की ती वर्षानुवर्षे अहोरात्र जळत राहते. वरून लोहखनिज, कोक आणि चुनखडी पडत असतात, खालून तापलेल्या हवेचा झोत चालू असतो आणि ठरावीक वेळी लोखंडाचा रस काढून घ्यावाच लागतो. विश्वचषकाचा अंतिम सामना असो, की घरचे लग्न असो, भट्टीजवळ माणसे हवीतच. त्या दिवशी ज्यांची पाळी होती, त्यांत बाबा होते. पाळी बदलून घेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. पण अशा दिवशी बदली कोण देणार? ते निमूटपणे सायकल काढून कामावर गेले.

रात्री दहानंतर ते परतले, तेव्हा विजयाची बातमी त्यांना कळलेली होती. पण तपशील काहीच ठाऊक नव्हता. फाटकातच आंध्रातील काका त्यांची वाट पाहत उभे होते. “भाईसाब, आधी जेवून घ्या. मग सामना सुरू करू,” असे ते म्हणाले आणि त्यांनी खरोखरच सामना सुरू केला. ओट्यावरच्या दिव्याच्या उजेडात, तेलुगू वळणाच्या हिंदीत, समालोचकाच्या आवाजाची नक्कल करीत त्यांनी पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंतचा खेळ एकट्या बाबांसाठी उभा केला. अशोककुमारच्या गोलाशी येताच त्यांनी अंगणात दोन विटा उभ्या केल्या, माझा रबरी चेंडू मागवून घेतला आणि तो विटेला लागून परत कसा आला, हे दाखवले. एकदा नव्हे, तीनदा दाखवले. कारण पहिल्या दोन वेळी विटाच पडल्या. हसण्याच्या आवाजाने शेजारी जागे झाले, पुन्हा जमले आणि साऱ्यांनी मिळून तो सामना दुसऱ्यांदा जिंकला. मी सहा वर्षांचा होतो. त्या वेळी मी गाढ झोपेत होतो.

पाहुणे गेल्यावर मी बाबांना विचारले, “तुम्ही तो सामना ऐकला नव्हता ना?” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “समालोचन नाही ऐकले. पण तो गोल मी पाहिला आहे. विटेला लागून चेंडू परत आला, तो मी या डोळ्यांनी पाहिला.”

त्या उत्तराने माझा राग कुठल्या कुठे गेला. आंध्रातील काका सेवानिवृत्त होऊन आपल्या गावी गेले होते आणि तेथेच त्यांचे देहावसान झाले होते. बाबा इतकी वर्षे सांगत आले, ती हकीकत त्या मित्राची होती. कामावर गेलेल्या शेजाऱ्याचा आनंद बुडू नये, म्हणून ज्याने मध्यरात्रीपर्यंत घसा कोरडा केला, त्याची ठेव बाबांनी जपली होती आणि ती जपता जपता ते स्वतःच त्या ओट्यावर जाऊन बसले होते. ज्यांनी सामना ऐकला त्यांचा तो होताच. पण इतरांना ऐकता यावा म्हणून जे भट्टीजवळ उभे राहिले, त्यांचाही त्यावर तितकाच हक्क नव्हता काय?

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला छत्तीसगड राज्य जन्मास आले. पुढे दोनच वर्षांनी, ऑगस्ट २००२ मध्ये, मँचेस्टरच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत भारतीय महिलांनी यजमान इंग्लंडला ३-२ असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक पटकावले. ममता खरबने जादा वेळेत निर्णायक गोल केला. त्या विजयी संघात सबा अंजुम ही सतरा वर्षांची मुलगी होती आणि ती आमच्या शेजारच्या दुर्गची होती! ज्या गावावरून आम्ही नित्य जातो-येतो, त्या गावची मुलगी देशासाठी सुवर्णपदक जिंकून आली, या गोष्टीवर बाबांचा दोन दिवस विश्वास बसेना. पुढे सबाला २०१३ चा अर्जुन पुरस्कार आणि २०१५ मध्ये पद्मश्री मिळाली.

बाबांनी तो सामनाही पाहिला नव्हता. वर्तमानपत्रातील वृत्तान्त त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावला, दोनदा ऐकला आणि संध्याकाळी माझ्या मुलीला अंगणात बोलावले. मी खिडकीतून पाहिले, तो त्यांनी दोन विटा उभ्या केल्या होत्या.

“आजोबा, तुम्ही होता तिथे?” तिने विचारले.

“होतो, बाळ,” बाबा म्हणाले, “हा चेंडू घे आणि तिकडे उभी राहा.”

१९७५ नंतर २०२३ पर्यंतच्या कोणत्याही स्पर्धेत भारताला पुन्हा तो विश्वचषक जिंकता आलेला नाही. २०२३ च्या स्पर्धेतील काही सामने राउरकेलाच्या नव्या मैदानावर झाले, तेव्हा ते पाहायला मायकेल किंडो हयात नव्हता. २०२० सालच्या अखेरच्या दिवशी त्याच गावी त्याने जगाचा निरोप घेतला होता. जुने खेळाडू जातात, जुने श्रोतेही जातात. गुणफलकावरील आकडे पुस्तकांत राहतात. पण ओट्यावरची शांतता, शेजाऱ्याचा बसलेला घसा आणि पडलेल्या विटा कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत. त्या घरातल्या माणसांजवळच असतात. वाचकहो, आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना एखाद्या संध्याकाळी त्यांचा सर्वांत मोठा सामना जरूर विचारा. त्यांनी तपशिलात थोडी चूक केली, तर लगेच दुरुस्त करू नका. त्या चुकीच्या मागे कोण उभे आहे, एवढे मात्र आवर्जून विचारून घ्या.