कुटुमसरचा वाटाड्या

कुटुमसरच्या गुहेचं तोंड इतकं चिंचोळं आहे की अंगाने भरलेला माणूस आधी खांदे तिरके करतो, मग पोट आत ओढतो आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्यांकडे बघून पुढच्याला विचारतो, "बाहेर यायची वाट दुसरी आहे ना?" पुढे वाटाड्या असतो. तो "हीच" म्हणतो आणि उतरू लागतो. इथून पुढे आपलं चालणं, थांबणं, बघणं सगळं त्याच्या हातातल्या विजेरीवर. ती वळेल तिकडे गुहा, बाकी काळोख.

संपादकांनी मला बस्तरला पाठवलं ते एका अटीवर: चित्रकोटच्या धबधब्यावर लिहायचं नाही, त्यावर सगळेच लिहितात. रायपूरला पुरानी बस्तीत, महामाया मंदिराच्या बाजूच्या गल्लीत, आमच्या एका आत्याचं घर आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इकडे आलेली मराठी घरं या जुन्या भागात अजून आहेत. आत्याबाईंचं मराठी छत्तीसगढीत मुरलेलं आणि सल्ले नेमके. त्या म्हणाल्या, "कुटुमसरला जा. पण तिथला पोरगा सांगेल ते ऐक हो, आम्ही केलं तसं करू नकोस." काय केलं होतं, ते परत आल्यावर दाखवते म्हणाल्या.

रायपूरहून केशकालचा घाट चढून जगदलपूर गाठायचं, सुमारे तीनशे किलोमीटर. तिथून कांगेर घाटी राष्ट्रीय उद्यान तासाभराच्या अंतरावर. सरकारी माहिती थोडक्यात अशी: 1982 साली उद्यानाची घोषणा, क्षेत्रफळ सुमारे 200 चौरस किलोमीटर, मधून वाहणारी कांगेर नदी, तीरथगढचा धबधबा, पहाडी मैना. मार्च 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही नाव लागलं. गुहेच्या शोधाचं श्रेय भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांना जातं. 1950 च्या दशकात ते इथे उतरले, मोजमापं केली, आतल्या जीवांची नोंद घेतली. गुहेतल्या एका रातकिड्याला त्यांच्यावरून 'शंकरी' हे नाव मिळालं. त्यांच्या आधीही गावकऱ्यांना हे बीळ ठाऊक होतं. जुनं नाव गोपनसर. पुढे जवळच्या गावावरून कुटुमसर रूढ झालं.

माझा वाटाड्या त्याच परिसरातला, तिशीच्या आतबाहेरचा, धुरवा समाजातला. घरात धुरवी, बाजारात हलबी, आमच्याशी हिंदी. पायऱ्यांच्या तोंडाशी त्याने आम्हाला रांगेत उभं केलं, डोकी मोजली आणि एका ओळीत सगळे नियम सांगितले: हात लावायचा नाही, ओरडायचं नाही, माझ्या पुढे जायचं नाही.

मराठी माणसाला लेणी म्हटलं की छिन्नी आठवते. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांचा. तिथे अजिंठा-वेरूळ कोरायला माणसांच्या पिढ्या लागल्या. इथला खडक चुनखडीचा, आणि कोरणारं पाणी. पाऊस हवेतून आणि पानांच्या कुजलेल्या थरातून कार्बन डायऑक्साइड उचलतो, किंचित आम्लधर्मी होतो, खडकाच्या भेगांत शिरतो आणि चुना विरघळवत नेतो. तेच पाणी गुहेच्या छताशी थेंब होऊन थबकलं की वायू निसटतो आणि चुन्याचा अगदी बारीकसा थर मागे राहतो. अशा थरांचे वरून लवणस्तंभ लोंबतात, खाली पडणाऱ्या थेंबांतून जमिनीवरून वर उठतात आणि कुठे कुठे दोन्ही भेटून खांब होतो. मुख्य बोगदा सुमारे 330 मीटर लांब, बाजूला लहानमोठे फाटे. हवा वर्षभर साधारण 26 ते 28 अंशांवर ठरलेली. बाहेर थंडीत स्वेटर घालून आलेले लोक दहा मिनिटांत घामेजतात.

गुहा सुंदर आहेच, पण माझी नजर पुन्हा पुन्हा वाटाड्याच्या विजेरीवर जात होती. तो ती स्वतःच्या पायांपुढे धरत नव्हता. त्याला पायाखालची वाट पाठ होती. झोत पडायचा मागच्या माणसाच्या पुढच्या पावलावर. म्हातारी बाई पायरी उतरताना तो मागे वळून, उलटा चालत, तिच्या पायाशी उजेड धरायचा. छताकडे झोत न्यायचा तो सगळे थांबल्यावरच, कारण माणूस वर बघू लागला की पाय विसरतो, आणि इथली ओली माती निसरडी आहे. मग तो एकदाच, सावकाश, झोत भिंतीवरून फिरवायचा. पर्यटक आपापली नावं ठेवायचे: हत्ती, झुंबर, शंकराच्या जटा. तो कुणाला नाही म्हणत नव्हता. पोकळ खांबांवर टकटक केली की घुमल्यासारखा नाद निघतो, हे कुणीतरी कुठूनतरी ऐकून आलेलंच असतं. बोट उचललेलं दिसलं रे दिसलं की झोत तिथून सरळ दुसरीकडे जायचा आणि बोट अंधारात राहायचं. रागावायची गरज पडत नव्हती.

पाण्याच्या डबक्याशी त्याने सगळ्यांना खाली बसवलं. या डबक्यांतले मासे कुटुमसरची खरी कीर्ती. विजेरी त्याने पाण्यावर धरली नाही, शेजारच्या भिंतीवर धरली. भिंतीवरून परतलेल्या मंद उजेडात बोटभर लांबीचा फिकट मासा तळाच्या गाळावरून सरकताना दिसला. थेट झोत मारला तर गाळात घुसतो, म्हणाला. पुस्तकांत याला आंधळा मासा म्हणतात. प्रत्यक्षात डोळे किती उरले आणि अंगाचा रंग किती गेला, हे माशागणिक वेगळं असतं.

या माशाचं एक नातं थेट पुण्याशी आहे. फ्रान्सिस डे या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या ओढ्यांतल्या एका लहानशा माशाचं वर्णन केलं आणि तो मिळवून देणाऱ्या कर्नल इव्हेझार्ड यांच्यावरून त्याला 'इव्हेझार्डी' नाव दिलं. कुटुमसरच्या माशाला अभ्यासकांनी त्याच जातीत घातलं. उजेडातल्या ओढ्यात राहणारे त्याचे भाऊबंद ठणठणीत डोळ्यांचे. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात अतनु कुमार पती आणि जयंत बिस्वास यांनी या गुहेतल्या माशांवर वर्षानुवर्षं काम केलं. दिवसरात्रीचा पत्ता नसलेल्या या जिवाच्या शरीरात अजून घड्याळ चालतं का, हा त्यांचा एक प्रश्न होता. चालतं, असं प्रयोगांतून दिसलं. पृष्ठभागावर येऊन हवा घेण्याच्या त्याच्या हालचालींत अजून लय सापडते.

मासे जगतात ते पावसाळ्याच्या जिवावर. जूनच्या मध्यानंतर पाणी गुहेत शिरतं, वाटा बुडतात, आणि वर्षभराचा पाला, कुजकी लाकडं, किडे आत येतात. उजेड नाही म्हणून आत काही उगवत नाही. जे काही खायचं ते बाहेरून वाहत येणार. म्हणून पावसाळ्यात गुहा माणसांना बंद असते आणि पुन्हा साधारण नोव्हेंबरात उघडते. ही बंदी सुरक्षिततेसाठी आहेच, पण गुहेच्या पोटापाण्यासाठीही आहे.

याच उद्यानातल्या दंडक गुहेने तर आपल्या इतिहासाचाच एक तुकडा सांभाळून ठेवला आहे. तिथल्या एका लवणस्तंभाच्या थरांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून शास्त्रज्ञांनी इसवी सन 600 ते 1500 या नऊशे वर्षांतल्या मोसमी पावसाचा आलेख काढला; 2007 साली तो प्रसिद्ध झाला. चौदाव्या शतकात पाऊस दीर्घकाळ कमी पडल्याच्या खुणा त्यात आहेत. महाराष्ट्राने 1396 पासून बारा वर्षं भोगलेला दुर्गादेवीचा दुष्काळ आपल्याला बखरींतून आणि आजीच्या तोंडून ठाऊक. तो कोरडा काळ बस्तरच्या दगडातही थराथराने नोंदलेला आहे.

म्हणूनच तुटलेले दगड बघवत नाहीत. परतीच्या वाटेवर वाटाड्याने एका जागी झोत स्थिर धरला. छतापासून हातभर अंतरावर ओळीने तुटकी खुंटं दिसत होती. पूर्वी लोक घेऊन जायचे, एवढंच म्हणाला. पुरानी बस्तीत परतल्यावर आत्याबाईंनी काचेचं कपाट उघडलं. आत, काश्मीरच्या शिकाऱ्याशेजारी, वीतभर लांबीचा पांढुरका दगड होता. तरुणपणी मंडळी ट्रकमधून गेली होती, हातात पेट्रोमॅक्स, आणि प्रत्येकाने आठवण म्हणून एकेक तुकडा मोडला. "तेव्हा कुणी नाही म्हणायला नव्हतं," त्या म्हणाल्या. वीतभर दगडाला किती हजार वर्षं लागली असतील, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ते माहीत होतं.

आज तोडफोड थांबली आहे, कारण आज प्रत्येक रांगेच्या पुढे नाही म्हणणारा माणूस आहे. पण धोके बदलले. पेट्रोमॅक्सची काजळी गेली, गर्दी आली. माणसांच्या श्वासाने आतली हवा जड होते. सुट्टीच्या दिवसांत रांग मोठी झाली की माझ्यासारख्या निरोगी माणसालाही शेवटच्या टप्प्यात दम लागतो. जगात जिथे जिथे गुहांत कायमचे दिवे बसवले, तिथे दगडावर हिरवं शेवाळ चढलं. कुटुमसरचं भलं यातच आहे की उजेड माणसाच्या हातात असतो आणि माणसाबरोबर बाहेर जातो. आणि गुहा बंद असते तेव्हा या माणसाची कमाईही बंद. "पावसात शेती," तो म्हणाला. शेती किती, हे विचारल्यावर हसला.

अमेरिकेतल्या मराठी घरांतून ॲरिझोनाच्या ॲन्टिलोप कॅन्यनचे फोटो हल्ली हमखास येतात: वाळूच्या दगडाची लाटांसारखी नारिंगी घळ, वरून पडणारा उन्हाचा पट्टा. तिथेही नवाहो या तिथल्या आदिवासी समाजाच्या वाटाड्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. कोणत्या कोपऱ्यातून फोटो चांगला येईल हे तोच सांगतो, हातातला फोन घेऊन सेटिंगही बदलून देतो. 12 ऑगस्ट 1997 रोजी दूरवर पडलेल्या पावसाचा लोंढा खालच्या घळीत शिरून अकरा पर्यटक दगावले, तेव्हापासून पुराच्या इशाऱ्यांची व्यवस्था कडक झाली. पण कुटुमसरशी तुलना करताना महत्त्वाचा फरक नियमांचा नाही, मालकीचा आहे. 1864 मध्ये अमेरिकी सैन्याने नवाहोंना त्यांच्या भूमीतून चालवत हाकलून नेलं. 1868 च्या तहाने ते परतले, आणि आज ती घळ नवाहो राष्ट्राच्या हद्दीत आहे. प्रवेशाची फी, सहली चालवायचा परवाना, बंदचा निर्णय: सगळं त्यांचं.

धुरव्यांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. ब्रिटिशांनी बस्तरच्या दोन तृतीयांश जंगलावर राखीव शिक्का मारायचा बेत 1905 मध्ये पुढे आणला. फिरती शेती, शिकार, वनोपज गोळा करणं बंद होणार होतं. राखीव जंगलाची झळ सर्वांत आधी लागली ती कांगेरच्या रानाला, आणि 1910 च्या भूमकाल या उठावाची ठिणगीही इथल्याच धुरव्यांतून पडली. आंब्याच्या डहाळ्या, मिरच्या, बाण गावोगाव फिरले. नेतानारच्या गुंडा धूरचं नाव या उठावाशी कायमचं जोडलं गेलं. तो इंग्रजांच्या हाती लागला नाही. उठाव चिरडला गेला, तरी राखीव करायचं क्षेत्र निम्म्यावर आणावं लागलं. पुढे त्याच रानाचं राष्ट्रीय उद्यान झालं.

अलीकडे थोडं सैल होतंय. उद्यानातल्या गुडियापदर या पाड्याला 2022 मध्ये सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मिळाला. राष्ट्रीय उद्यानाच्या आत असा हक्क मिळणं देशात दुर्मीळ. धुडमारस या धुरवा गावात घरगुती मुक्काम आणि कांगेरच्या पाण्यातले बांबूचे तराफे गावकरीच चालवतात, आणि 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने त्या गावाला आपल्या ग्रामपर्यटनाच्या उपक्रमात निवडलं. गुहेचा कारभार मात्र वनखात्याचा. वाटाडे गावचे, नियम खात्याचे.

मी त्याला सरळ विचारलं: तुझ्या हातात असतं तर काय केलं असतंस? त्याने बोटांवर मोजलं. एका वेळी आत जाणाऱ्यांची रांग लहान ठेवली असती. गर्दीच्या दिवशी मध्ये दोन तास गुहा रिकामी ठेवली असती, हवा परत येईपर्यंत. आणि पावसाळ्यातही वाटाड्यांना पैसे दिले असते, कारण बंद गुहेच्या तोंडाशी कुणीतरी बसायला हवं. या तीन गोष्टींना फार मोठं अंदाजपत्रक लागत नाही. त्या ठरवणाऱ्या बैठकीत गावाला खुर्ची लागते, आणि युनेस्कोची अंतिम यादी लागेल तेव्हा येणाऱ्या गाड्यांच्या आधी ती मिळायला हवी.