बारा धरले तर?

कापूस विकून आलेल्या पैशांपैकी एक चतुर्थांश वेचणीच्या मजुरीत गेले, एक तृतीयांश खत-फवारणीत. 15,000 रुपये उरले. कापूस कितीचा विकला?

चाळीसगाव तालुक्यातल्या एका ओट्यावर सातवीतली मुलगी हे शाब्दिक उदाहरण सोडवत होती. तिने लगेच 15,000 ला चाराने भागायला घेतलं. दिसला आकडा की दे भाग, असं बहुतेक मुलं करतात. शेंगा निवडता निवडता तिच्या आईने विचारलं, "पन पैसा कितला उना?" प्रश्न नेमका होता. चौथा हिस्सा काढायचा तो आलेल्या पैशांचा, उरलेल्यांचा नाही. आणि आले किती, तेच तर शोधायचं आहे.

मी म्हटलं, बारा रुपये आले असं धर. बाराच, कारण त्याला चाराने आणि तिनाने भाग जातो. मजुरी तीन, खत-फवारणी चार. गेले सात, उरले पाच. इकडे पाच, तिकडे पंधरा हजार, म्हणजे तीन हजार पट. बाराची तीन हजार पट 36,000. ताळा तिनेच केला: 9,000 आणि 12,000 मिळून 21,000 गेले, 15,000 उरले.

एक मात्र सांभाळावं लागतं. गाडीभाड्याचे 500 रुपये वेगळे दिले असतील, तर ते आधी उरलेल्या रकमेत मिळवायचे आणि मगच पट काढायची. 'उरलेल्यापैकी एक तृतीयांश' असं म्हटलं असेल, तर बारातून तीन गेल्यावर नऊ राहतात, त्यांतले तीन जातात, सहा उरतात. कापूस 30,000 चाच ठरतो. म्हणून उदाहरण दोनदा वाचल्याशिवाय पेन्सिल उचलू देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. क्ष धरून समीकरण मांडणं पुढे शिकायचंच आहे, पण आकडा धरून पाहिला की क्ष कशासाठी असतो ते कळतं.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे 1150 च्या सुमारास, या रीतीला इष्टकर्म म्हटलं आहे. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून नातू चांगदेवाने मठ स्थापला तो याच तालुक्यात, पाटणला. तिथला शके 1128 चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मठाच्या उत्पन्नाची नोंद त्यात मराठीत आहे: गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या, चालत्या घाण्यामागे पळी पळी तेल. जमलेल्या तेलावरून घाणे किती ते काढा, असं उदाहरण चाळीसगावच्या मुलांना जरूर घालावं.