रक्तातलं पालाश

नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी शेतकऱ्याला तोंडपाठ असते. त्यातलं पालाश म्हणजेच पोटॅशियम. म्युरिएट ऑफ पोटॅशच्या गोणीत जे पोटॅशियम क्लोराइड असतं, तेच शुद्ध करून औषधाच्या दुकानात खारट सिरप म्हणून मिळतं.

पोटॅशियम कमी झाल्याचं पुष्कळदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत कळतं. रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते, जिना चढताना मांड्या भरून येत होत्या, पोट साफ होत नव्हतं, मधूनच छातीत धडधडत होतं. पण हे सगळं वयावर ढकललेलं असतं. मग रिपोर्टात 2.9 दिसतं. हवं असतं साधारण 3.5 ते 5.

हा आकडा नीट वाचायला हवा. शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. पेशीच्या आवरणातला पंप तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत ओढतो. या तफावतीवरच नसा आणि स्नायू चालतात, हृदयसुद्धा. म्हणजे रिपोर्ट मोजतो ते ओसरीवरचं. कोठीतलं त्याला दिसत नाही. दम्याच्या साल्ब्युटामॉलने किंवा इन्सुलिनने ओसरीवरचा माल नुसता आत जातो, हरवत काहीच नाही. एरवी मात्र ओसरीवर 0.6 ची घट दिसली, तर एकूण तूट ढोबळमानाने 200 मिलिमोल धरतात. एका केळ्यात असतं दहाएक मिलिमोल. आता करा हिशेब! शिवाय उलट्यांत किंवा लघवीच्या गोळीने क्लोराइडही जातं, ते केळं भरून देत नाही. म्हणून सिरप, तेही पाण्यात मिसळून, जेवणानंतर, नाहीतर पोटात जळजळतं.

पण भरण्याआधी गळती शोधायची. उलट्या-जुलाब झाले असतील तर ते रुग्णच सांगतो. बीपीच्या गोळीतलं हायड्रोक्लोरोथायझाइड मात्र लपून बसतं: पट्टीवर नावापुढे एवढासा ‘एच’. ही गोळी चालू असताना लोणचं-पापड जास्त झाले, तर लघवीवाटे पोटॅशियम आणखी जातं. रक्तात कमी असताना मूत्रपिंडाने ते धरून ठेवायला हवं. लघवीच्या तपासणीत तरीही भरपूर दिसलं, तर गळती तिथेच. असली गोळी चालू नसताना बीपीही चढं असेल, तर अ‍ॅड्रिनल ग्रंथीतून जादा अल्डोस्टेरॉन येतंय का ते बघतात. जेरोम कॉन यांनी 1955 मध्ये वर्णन केलेला हा आजार. रोज भरपूर ज्येष्ठमध घेतल्यानेही हुबेहूब असंच चित्र दिसतं. घरगुती म्हणून निरुपद्रवी, हा समज मला तरी महागडा वाटतो.

सिरप घेऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासा. ते कमी असलं की मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही, आणि वर्षानुवर्षं घेतलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या ते कमी करू शकतात.

2.5 च्या खाली गेलं, किंवा ईसीजीत टी-लहर चपटी होऊन मागे यू-लहर उमटली, तर दवाखान्यात दाखल व्हावं लागतं. सलाईनमधून पोटॅशियम तासाला सहसा 10 मिलिमोलच देतात. हात चुरचुरतो, पण घाई केली तर हृदय थांबू शकतं. याच कारणाने, ज्यांच्या शरीरात पोटॅशियम साचू शकतं अशा मूत्रपिंडाच्या किंवा बीपीसाठी टेल्मिसार्टन घेणाऱ्या रुग्णाने सिरप आणि पोटॅशियम असलेलं ‘लो सोडियम’ मीठ मनाने सुरू करू नये.

डॉक्टरांकडे जाताना रिपोर्टबरोबर सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि काढ्याची पुडीही पिशवीत घालून न्या.