कामविषयक चर्चेची रीत

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी व्याख्यानास जाणे ही महाराष्ट्रातील कितीतरी गावांच्या नागरिकांची सवयच होऊन गेली आहे. वेदान्तापासून अंदाजपत्रकापर्यंत कोणताही विषय या श्रोत्यांना वर्ज्य नाही. मात्र स्त्रीपुरुषांच्या कामजीवनाचा विषय निघाला, की सभेचा नूर पालटतो. पुढच्या रांगेतील मंडळी जमिनीकडे पाहू लागतात, मागच्या रांगेत खसखस पिकते आणि वक्ता घाईघाईने संस्कृत शब्दांच्या आड दडतो.

या विषयाबाबत समाजात दोन पक्ष आहेत. हा विषय चारचौघांत काढावयाचाच नव्हे, असे एक पक्ष म्हणतो. यावर वाटेल ते आणि वाटेल तसे बोलणे म्हणजेच सुधारणा, असे दुसऱ्या पक्षास वाटते. दोघांचे वरवर हाडवैर दिसले, तरी एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: या चर्चेलाही काही रीत असू शकते, हे दोघांच्याही ध्यानात येत नाही. आमचे म्हणणे असे, की असभ्यता विषयात नसते, ती बोलण्याच्या रीतीत असते. आणि ती रीत ठरविताना सभेतील सर्वांत भित्र्या प्रश्नकर्त्याचे हित पाहावे. ही रीत कोणती, याचा येथे थोडा विचार करू.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे, की महाराष्ट्राने हा विषय जाहीरपणे कधीच चर्चिला नाही, असे नाही. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ वर्षे करण्यात आले. त्या वेळी पुण्यामुंबईच्या सभांतून आणि वृत्तपत्रांतून केवढे रण माजले, हे सर्वांस ठाऊक आहे. तो वाद मुळात कामविषयकच होता. पण तो लढला गेला, तो शास्त्रार्थावर आणि परकीय सरकारच्या अधिकारावर. कलकत्त्यास फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पतिसमागमाने मरण पावली होती. तिच्यासारख्या मुलींना काय सोसावे लागते, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. ज्यांच्या देहाविषयी वाद चालला होता, त्यांचा आवाज त्यात सर्वांत क्षीण होता. आवाज चढला म्हणजे चर्चा झाली असे होत नाही, हा यातील पहिला धडा.

दुसरा धडा प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या चरित्रात आहे. महर्षी अण्णासाहेब कर्व्यांचे हे ज्येष्ठ चिरंजीव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या प्रचारापायी त्यांना नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत, म्हणजे २६ वर्षे, पदरास खार लावून चालविले. या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. घरी विचारण्याची सोय नाही, वैद्याकडे जाण्याची लाज वाटते, अशा माणसांची ती पत्रे असत. १९३१ साली एका लेखाबद्दल कर्व्यांना दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला, तो मात्र या प्रश्नोत्तरांबद्दल! त्या खटल्यात त्यांची बाजू मांडावयास डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. केवळ कामविषयावर लिहिले म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, आणि जाणून घेण्यासाठी जो विचारतो त्याला ज्ञान दिलेच पाहिजे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय होता. खटल्याचा निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. त्यांना पुन्हा दंड भरावा लागला. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. ज्या विचारासाठी कर्व्यांनी हालअपेष्टा सोसल्या, तो सरकारने स्वीकारलेला त्यांनी पाहिला, पण तो मृत्यूच्या अवघे एक वर्ष आधी.

कायद्याची दृष्टी या काळात कशी पालटली, तेही पाहण्यासारखे आहे. इंग्लंडात १८६८ साली हिक्लिन खटल्यात एक कसोटी ठरली: ज्यांचे मन वाईट परिणामास सहज बळी पडते, अशांस बिघडविण्याची प्रवृत्ती ज्या लेखनात आहे, ते अश्लील. म्हणजे समाजातील सर्वांत दुर्बल मन हेच माप! ती कसोटी आपल्याकडेही दीर्घकाळ चालली. चंद्रकांत काकोडकर यांच्या ‘श्यामा’ या मराठी कादंबरीवरील खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने लेखकास निर्दोष ठरविले. कृती समग्र पाहावी आणि केवळ अल्पवयीनाच्या हाती पडेल या भीतीने सारे वाङ्मय जोखू नये, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी शास्त्र, साहित्य, कला आणि विद्या यांच्या हितार्थ केलेल्या प्रकाशनास कायद्यातच स्पष्ट अपवाद मिळाला. हिक्लिनची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बाजूस सारली. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तीतही हा अपवाद कायम आहे. तात्पर्य, प्रामाणिकपणे समजावून सांगणाऱ्याला आज कर्व्यांइतके भय नाही. पण कायद्याने दार उघडले, म्हणून आत कसे वागावे हे तो शिकवीत नाही. ते आपले आपणच शिकावे लागते.

आता प्रत्यक्ष रीतीकडे वळू. पहिली गोष्ट शब्दांची. या विषयासाठी मराठीत तीन प्रकारचे शब्द आहेत. एक शिव्यांचे, दुसरे आडपडद्याचे, तिसरे शास्त्राचे. शिव्यांच्या शब्दांत तिरस्कार मुरलेला असतो, म्हणून ते सभेत चालत नाहीत. आडपडद्याचे शब्द गोड खरे. पाळीला ‘कावळा शिवला’ म्हणणारी आजी काही वाईट मनाची नव्हती. पण कावळ्याच्या शिवण्याने मुलीला रक्तस्रावाचे कारण कळत नाही, उलट आपण विटाळलो एवढेच कळते. म्हणून सभेत शिश्न, योनी, गर्भाशय, वीर्य, मासिक पाळी, संभोग, हस्तमैथुन हे शब्द सरळ वापरावेत. प्रथम उच्चारताना जीभ अडखळते. चौथ्या वेळी ते नाक-कानाच्या नावांसारखेच वाटू लागतात. मात्र शब्द उच्चारून लगेच त्याचा साधा अर्थ सांगावा, कारण न समजलेला शास्त्रीय शब्द हाही एक पडदाच असतो.

दुसरी गोष्ट चालकांची. प्रश्न तोंडी विचारावयास लावू नयेत. सर्वांना सारख्याच कागदाच्या चिठ्ठ्या द्याव्यात आणि त्या प्रत्येकाने, प्रश्न असो वा नसो, पेटीत टाकाव्यात. म्हणजे कोण उठले आणि कोण बसले, यावरून तर्क चालत नाहीत. नाव लिहिण्यास मनाई असावी. चिठ्ठी एकाच माणसाने वाचावी, अक्षर कोणास दाखवू नये आणि सभा संपताच चिठ्ठ्या फाडून टाकाव्यात. प्रश्न वाचताना गाव, जात, नाते, व्यवसाय असा ओळख पटविणारा मजकूर गाळावा. हे फार काटेकोर वाटेल. पण लहान गावात ‘गिरणीजवळच्या घरातील सून’ एवढे म्हटले, तरी माणूस उघडा पडतो.

तिसरी गोष्ट उत्तर देणाराची. विचारणाऱ्याचा न्यायनिवाडा करणे हे त्याचे काम नव्हे. एक उदाहरण घेऊ. रक्ताच्या चाळीस थेंबांचा वीर्याचा एक थेंब होतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. तिच्यापायी कितीतरी तरुण आपण खंगत चाललो अशा धास्तीने झुरतात. या धास्तीतून जडणाऱ्या विकाराला नरेंद्रनाथ विग या भारतीय मानसोपचारतज्ज्ञांनी १९६० साली ‘धात’ याच शब्दावरून नाव दिले. हस्तमैथुनाने शरीर क्षीण होत नाही, स्वप्नावस्था हा रोग नव्हे, हे वैद्यकाने केव्हाच सांगितले आहे. असा तरुण प्रश्न विचारतो, तेव्हा त्यास हे एवढेच सांगावयाचे असते. त्याऐवजी वक्त्याने संयमाचे माहात्म्य गायिले, तर त्याची धास्ती दुप्पट होते आणि तो ‘गुप्तरोगांवर रामबाण इलाज’ अशी भिंतीवरील जाहिरात वाचून भोंदू वैद्याच्या दारी जातो. सभेत न दिलेल्या उत्तराची किंमत तो तेथे मोजतो.

तसेच स्त्रीचे. मुलगा होत नाही म्हणून सुनेला बोल लावले जातात. पण मूल मुलगा होणार की मुलगी, हे पुरुषाकडून एक्स गुणसूत्र येते की वाय, यावर ठरते. कौमार्याची खूण म्हणून ज्या पडद्याचा बोभाटा होतो, त्यावरून पूर्वी संबंध आला होता की नाही हे सांगताच येत नाही. ही दोन वाक्ये शांतपणे उच्चारली, तर एखाद्या घरातील छळ थांबू शकेल. परंतु वक्त्यास एखादी गोष्ट ठाऊक नसेल, तर ‘हे डॉक्टरांनाच विचारा’ असे मोकळेपणी म्हणावे. ज्याची तपासणी केली नाही, त्याच्या रोगाचे निदान व्यासपीठावरून करू नये.

चौथी गोष्ट विचारणाराची. प्रश्न आपल्या अडचणीचा असावा, शेजाऱ्याच्या चालचलणुकीचा नसावा. पत्नीविषयी किंवा पतीविषयी विचारताना, ती व्यक्ती शेजारी बसून ऐकत आहे असे समजून लिहावे. जे तिच्या समक्ष म्हणवणार नाही, ते तिच्या पश्चात चारशे लोकांपुढे म्हणू नये. संमतीचा नियम शय्यागृहापुरताच नाही. दुसऱ्याचे गुपित सांगण्यासही त्याची संमती लागते.

पाचवी गोष्ट श्रोत्यांची, आणि आमच्या मते हीच सर्वांत महत्त्वाची आहे. हसू नये. विनोदावर हसण्यास कोणाची ना नाही. प्रश्नावर हसू नये. चिठ्ठी कोणाची असेल याची कुजबूज करू नये. ऐकलेले ज्ञान घरी न्यावे, ऐकलेली हकीकत तेथेच ठेवावी. शिवाय सभेत आपल्याहून निराळे लोक बसलेले असतात, याचे भान ठेवावे. ज्यांचे आकर्षण समलिंगी व्यक्तीकडे आहे, अशी माणसे प्रत्येक मोठ्या सभेत असतातच. ती बोलत नाहीत एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या परस्परसंमतीच्या अशा संबंधांस गुन्ह्यातून मुक्त केले. मतभेद असणाऱ्याने ते जरूर मांडावेत. परंतु समोर बसलेल्या माणसाला रोगी वा गुन्हेगार म्हणणे हा मतभेद नव्हे, तो अपमान आहे.

शेवटी गुप्ततेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलावर किंवा मुलीवर अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या बालकांच्या संरक्षणाच्या कायद्यान्वये ते पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. त्याच वेळी त्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. चालकांनी हे सभेच्या आरंभीच सांगावे. गुप्ततेचे वचन देऊन मग ते मोडण्यापेक्षा वचनाची हद्द आधी सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे होय.

इतके नियम पाळावयाचे, तर चर्चेतील गंमतच गेली, असे कोणी म्हणेल. जाऊ द्या, ती गंमत नेहमी कोणाच्या तरी लाजेवर उभी असते. हे सारे नियम एकाच हेतूने केलेले आहेत. ज्याला विचारण्यास जागा नाही, त्याला विचारता यावे आणि विचारल्याबद्दल पश्चात्ताप होऊ नये. प्रश्नोत्तरे छापली म्हणून कर्व्यांना दंड झाला; तशी उत्तरे देणाऱ्याला आज दंड होण्याचे भय उरलेले नाही. पण विचारणाऱ्याला आपण हसून दंड करतोच. तो दंड माफ करणे कोणत्याही न्यायालयाच्या हाती नाही. ते सभेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या हाती आहे.