स्वयंचलित गाडीची दोन कुलपे

बँकेच्या लॉकरला दोन चाव्या लागतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. एक ग्राहकाकडे, दुसरी बँकेकडे. दोन्ही फिरल्याखेरीज लॉकर उघडत नाही. शाखेतील रोकड ठेवण्याच्या खोलीचेही तसेच. दोन अधिकाऱ्यांकडे दोन चाव्या. या व्यवस्थेमागे कुणाविषयी अविश्वास नसतो. माणूस विसरू शकतो, घाईत असू शकतो, एवढेच तिथे गृहीत धरलेले असते. स्वयंचलित मोटारगाडी उभी करतानाही नेमके हेच गृहीत धरावे लागते. ते मला शिकवले माझ्या मामांच्या एका लहानशा अपघाताने.

मामा जामुलला राहतात. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात, भिलाईला लागूनच हे गाव आहे. १९६५ साली इथे एसीसीचा सिमेंट कारखाना सुरू झाला. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निघणारी धातुमळी सिमेंटसाठी उपयोगी पडते, म्हणून त्याला शेजार लाभला तोही सोयीचा. १९५६ पूर्वी दुर्ग आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या पट्ट्यात मराठी कुटुंबे नवी नाहीत. मामा मूळचे भंडाऱ्याचे. पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून निवृत्तीनंतर त्यांनी जामुलला घर बांधले. डावा गुडघा क्लच दाबताना कुरकुरू लागला, तेव्हा मुलाने त्यांना स्वयंचलित गियरची छोटी गाडी घेऊन दिली.

जामुलची ती संध्याकाळ

मामांच्या घराचे जोते रस्त्यापेक्षा उंच आहे. रस्त्याकडेच्या नालीवर सिमेंटचा उतार घातलेला असून तो थेट फाटकाशी जातो. त्या संध्याकाळी मामा बाजारातून परतले. फाटक बंद होते. उतारावर गाडी थांबवून त्यांनी इंजिन बंद केले, सवयीने हँडब्रेक जरासा ओढला आणि फाटक उघडायला ते खाली उतरले.

जुन्या गाडीत ते नेहमी पहिला गियर टाकून उतरत. त्यामुळे हँडब्रेक अर्धवट ओढला तरी चाळीस वर्षांत कधी काही बिघडले नव्हते. नव्या गाडीत मात्र इंजिन सुरू करताना लिव्हर ‘एन’वर, म्हणजे न्यूट्रलवर असावी लागते. तेव्हा बंद करतानाही ती तिथेच ठेवावी, अशी सोय त्यांनी आपली आपणच लावून घेतली होती. परिणामी गाडीचा सारा भार त्या अर्धवट ओढलेल्या हँडब्रेकवर आला. मामांचा हात फाटकाच्या कडीवर असतानाच गाडी मागे सरकली, उतार उतरली आणि रस्ता ओलांडून समोरच्या कुंपणाला टेकली. वाटेत नातीची सायकल आडवी पडलेली होती. तिचे मागचे चाक चेपले. नात पाणी प्यायला नुकतीच आत गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा मामा अंगणात ती सायकल समोर घेऊन बसले होते. म्हणाले, “अरे, गाडी आपोआप चालते म्हणून घेतली. ती आपोआप उभी राहत नाही, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.”

या एका वाक्यात सारे आले.

‘आपोआप’ म्हणजे किती?

मोठ्या प्रमाणावर निर्माण झालेली पहिली पूर्ण स्वयंचलित गियरपेटी अमेरिकेत जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून आणली. आपल्याकडे ही सोय दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरती होती. २०१४ साली मारुती सुझुकीने सेलेरिओ गाडीत नेहमीच्याच गियरपेटीला यांत्रिक हात जोडून क्लच आणि गियरचे काम त्यांच्याकडे सोपवले. या पद्धतीला संक्षेपाने एएमटी म्हणतात. तिच्यामुळे स्वयंचलित गाडी मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आवाक्यात आली आणि मामांसारख्या अनेकांच्या दाराशी उभी राहिली.

या गाडीत आपोआप होते ते एवढेच, की क्लच दाबणे आणि गियर बदलणे. ब्रेक लावणे, दिशा ठेवणे आणि गाडी सुरक्षित उभी करणे ही कामे पूर्वीइतकीच चालकाची आहेत. किंबहुना एक दक्षता वाढलीच आहे. साध्या गाडीत क्लच नीट सोडल्याशिवाय गाडी हलत नाही. स्वयंचलित गाडीत लिव्हर ‘डी’वर असेल, तर ब्रेकवरून पाऊल उचलताच बहुतेक गाड्या ॲक्सिलरेटर न दाबताही माणसाच्या चालीने पुढे सरकू लागतात. ‘आर’वर असेल तर मागे. हा बिघाड नव्हे. दाटीच्या रस्त्यात गाडी हळूहळू नेता यावी म्हणून केलेली ती योजना आहे. तिचा विसर पडला की मात्र ती संकट बनते.

लिव्हरवरील अक्षरे

‘पी’ म्हणजे पार्किंग. या स्थानी गियरपेटीतील एक लहानसा खटका दंतचक्राच्या खाचेत अडकतो आणि चाकांकडे जाणारा दांडा फिरेनासा होतो. ‘आर’ म्हणजे मागे जाणे, ‘एन’ म्हणजे न्यूट्रल आणि ‘डी’ म्हणजे पुढे जाणे. काही गाड्यांत ‘एल’, ‘एस’ किंवा ‘एम’ही असते. घाट उतरताना त्यांचा उपयोग करून खालच्या गियरमध्ये राहावे. भिलाईकर बस्तरला जाताना केशकालचा घाट लागतो. परतीच्या वाटेवर तो उतरताना केवळ ब्रेकवर विसंबल्यास ब्रेक तापून निकामी होण्याचा धोका असतो.

अक्षरांचा हा क्रमही अनुभवातून आला आहे. आरंभीच्या काही गाड्यांत मागे जाण्याचे स्थान पुढच्या गियरला लागूनच असे आणि चुकीने उलट दिशेला गाडी जाई. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा मानकाने पुढे आणि मागे यांच्यामध्ये न्यूट्रल असलेच पाहिजे, असे ठरवून दिले. लिव्हरची मांडणी बदलली की काय घडते, हेही पुढे दिसले. फियाट क्रायस्लरच्या काही गाड्यांत लिव्हर कोणत्याही स्थानी नेली तरी हात सोडताच मध्यभागी परत येई. गाडी ‘पी’मध्ये आहे असे समजून चालक उतरत आणि गाडी घरंगळे. २०१६ च्या एप्रिलमध्ये कंपनीने जगभरातील सुमारे अकरा लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. त्याच वर्षी १९ जून रोजी अँटन येल्चिन हा २७ वर्षांचा अभिनेता आपल्या घराच्या उतारावर अशाच एका गाडीखाली नव्हे, तर ती गाडी आणि फाटकाचा खांब यांच्यामध्ये सापडून मरण पावला. उतार, फाटक आणि मागे सरकणारी गाडी! जामुलच्या अंगणात ही हकीकत सांगताना माझा आवाज जड झाला. मामांनी नातीला जवळ बोलावून घेतले.

म्हणून लिव्हर हलवल्यावर काट्यांच्या फलकावर उमटलेले अक्षर डोळ्यांनी वाचावे. हाताच्या सवयीवर विसंबू नये.

कामाला एकच पाऊल

स्वयंचलित गाडी केवळ उजव्या पायाने चालवावी. तोच पाय ब्रेकवर, तोच ॲक्सिलरेटरवर. डाव्या पायाला क्लच दाबण्याची जुनी सवय असते. त्याने अभावितपणे रुंद ब्रेक दाबला, तर गाडी गचकन थांबते आणि मागचे वाहन येऊन आदळू शकते. त्यामुळे डावा पाय डावीकडे विसाव्याच्या जागी टेकवून ठेवावा.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जातो, गाडी झेपावते आणि घाबरलेला चालक तेच पेडल आणखी जोराने दाबतो. १९८६ मध्ये अमेरिकेत ऑडीच्या गाड्या आपोआप वेग घेतात, असा मोठा गवगवा झाला. १९८९ च्या सरकारी अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला, की यंत्रात दोष न आढळलेल्या अशा बहुतेक घटनांच्या मुळाशी चुकीचे पेडल दाबले जाणे हेच कारण असावे. आता बहुतेक गाड्यांत ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर ‘पी’मधून निघत नाही, ती दक्षता अशाच अनुभवांचे फलित होय. गाडी अनपेक्षितपणे झेपावली, तर पाऊल पेडलवरून पूर्ण उचलावे आणि मग ब्रेक दाबावा. तसेच दाटीच्या जागी गाडी लावताना टाच ब्रेकच्या समोर जमिनीला टेकवून केवळ पंजा फिरवावा. पावलाला घर ठाऊक राहते.

उभी करण्याचा क्रम

आता मुख्य गोष्ट. ‘पी’चा खटका हे एक कुलूप आणि हँडब्रेक हे दुसरे. खटका गियरपेटी अडवतो, हँडब्रेक चाके धरतो. एक चुकले तर दुसरे राखते. त्यांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पायाने ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवावी. पाय तसाच ठेवून लिव्हर ‘एन’वर आणावी आणि हँडब्रेक पूर्ण ओढावा. मग पाय किंचित सैल करून गाडीचा भार हँडब्रेकवर येऊ द्यावा. ती सरकत नाही अशी खात्री झाल्यावर ब्रेक पुन्हा दाबून लिव्हर ‘पी’वर न्यावी. शेवटी इंजिन बंद करावे आणि फलकावरील अक्षर पाहूनच दार उघडावे. हँडब्रेकआधीच ‘पी’ केले, तर उतारावर गाडीचे सारे वजन त्या लहानशा खटक्यावर लोंबते आणि निघताना लिव्हर अडकते किंवा मोठा धक्का बसतो.

एएमटीच्या बहुतेक गाड्यांत ‘पी’ नसते. तिथे दुसरे कुलूप गियरचे. ब्रेक दाबून हँडब्रेक पूर्ण ओढावा, लिव्हर ‘डी’ किंवा ‘आर’वर न्यावी आणि ब्रेक न सोडता इंजिन बंद करावे, म्हणजे गियर अडकलेला राहतो. उतारावर चाकामागे दगड किंवा लाकडी ठोकळाही लावावा. निरनिराळ्या गाड्यांत तपशील निराळे असतात. त्यामुळे गाडीसोबत आलेली पुस्तिका कर्जाच्या कागदपत्रांइतक्याच काळजीने वाचावी.

चढावर थांबताना ॲक्सिलरेटर किंचित दाबून गाडी तोलून धरू नये. एएमटीत त्यामुळे क्लच तापून झिजतो. ब्रेक किंवा हँडब्रेक वापरावा. ‘डी’वरून ‘आर’वर जाताना गाडी पूर्ण थांबलेली असावी. मागे घेताना कॅमेरा असला तरी मान वळवून पाहावे आणि शक्य तर आधी खाली उतरून गाडीमागे मूल नाही याची खात्री करावी.

आपल्याकडील काही सवयी

दाटीवाटीच्या वाहनतळावर गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक न लावता ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे, जेणेकरून शेजाऱ्याला ती ढकलता यावी. स्वयंचलित गाडीपुरती तरी ही रीत सोडावी. ‘पी’मधील गाडी ढकलता येत नाही आणि न्यूट्रलमधील गाडीला कोणतेच कुलूप नसते. अडचणीच्या प्रसंगासाठी अनेक गाड्यांत लिव्हरजवळ एक लहान खाच असते. ती वापरून गाडी ‘एन’वर घेता येते, परंतु ते सपाट जागी आणि कुणीतरी ब्रेकवर असतानाच करावे. बॅटरी उतरली तर धक्का देऊन ही गाडी सुरू होईल, अशी आशाही सामान्यतः बाळगू नये.

मे महिन्यात दुर्ग-भिलाईत पारा ४५ अंशांच्या घरात जातो. गारवा टिकावा म्हणून इंजिन चालू ठेवून, आत मुलांना बसवून ‘आलोच’ म्हणत दुकानात शिरणारे अनेक असतात. लिव्हरशी खेळणारे मूल आणि चालू गाडी यांचा संयोग किती भयंकर, हे सुज्ञांस सांगणे न लगे. विजेच्या गाडीत तर इंजिनाचा आवाजही नसतो. ती चालू आहे हेच विसरायला होते.

कायद्यानेही ही काळजी घेतली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार परवानाधारक चालक आसनावर नसताना सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवायचे, तर इंजिन बंद आणि ब्रेक लावलेला असला पाहिजे, अथवा ते चुकून हलणार नाही याची अन्य तजवीज केलेली असली पाहिजे. विम्याने गाडीची आणि कुंपणाची भरपाई होऊ शकेल; त्यापलीकडच्या गोष्टींची भरपाई कोणत्याही पॉलिसीत नसते.

मामांनी आता फाटक उघडून ठेवण्याचे काम घरच्यांवर सोपवले आहे. गाडी सपाट अंगणात आल्यावरच ते उतरतात. उतरण्यापूर्वी मोठ्याने म्हणतात, “हँडब्रेक, गियर, किल्ली.” नातही त्यांच्यामागून तेच म्हणते. सायकलला नवे चाक बसले आहे. जुने, चेपलेले चाक मात्र मामांनी फेकून दिलेले नाही. फाटकाशेजारच्या भिंतीवर ते खिळ्याला अडकवून ठेवले आहे. गाडी आत घेताना ते नेमके समोर येते.

दिवसाअखेरी रोकड जुळल्याशिवाय रोखपाल घरी जात नाही. आपणही दोन्ही कुलपे लागल्याशिवाय गाडीपासून दूर जाऊ नये. काही क्षणांचेच काम आहे. सवय जडली की त्यांचा भारही वाटत नाही.