रियाजाला मुदत नसते

मुलीचा गळा गोड. शाळेच्या स्नेहसंमेलनात भावगीत म्हणाली, टाळ्या पडल्या आणि घरात चर्चा सुरू झाली : क्लास कोणता लावायचा, परीक्षा कधी द्यायच्या, टीव्हीवरच्या स्पर्धेचा फॉर्म कधी भरायचा? दोन वर्षांनी तीच मुलगी अजून भूप आणि यमनच घोळवताना दिसली की आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘‘बाई, ही स्टेजवर कधी गाणार?’’ गाणे शिकवणाऱ्यांना हा प्रश्न नवा नाही.

आणि तो अगदीच गैरही म्हणता येणार नाही. फी भरावी लागते, दहावीचे वर्ष जवळ येत असते, गाण्यावर पोट भरेल का ही चिंता खरी असते. पण संगीतात नाव काढणे आणि संगीतात काही निर्माण करणे यांत अंतर आहे. ते किती आहे, हे पाहायचे तर कुमार गंधर्वांच्या आयुष्याकडे पाहावे.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी हा बेळगावजवळच्या सुळेभावीचा, १९२४ साली जन्मलेला मुलगा. मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून हुबेहूब गाणारा. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला लहानपणीच मिळाली. १९३६ साली मुंबईच्या संगीत परिषदेत हा बारा वर्षांचा मुलगा गायला आणि जाणकार थक्क झाले. आजच्या आईबापांना हवे असते ते सारे त्याला तेव्हाच मिळाले होते. पुढे काय झाले? तो प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकायला बसला. नक्कल उत्तम साधली होती. आता त्यात आपले काय, याचा शोध घ्यायचा होता.

ऐन तारुण्यात, नाव होत असतानाच क्षयाने गाठले. लग्न १९४७ सालचे. आणि १९४८ च्या आरंभी हे जोडपे कोरड्या हवेसाठी माळव्यातल्या देवासला आले. गाणे पूर्ण बंद. वर्ष नाही, दोन वर्षे नाही, जवळजवळ पाच वर्षे. स्ट्रेप्टोमायसिन या नव्या औषधाने जीव वाचला, पण एक फुप्फुस कायमचे अधू झाले.

गवयाने गायचे नाही, तर करायचे काय? कुमारजींनी ऐकले. घरावरून जाणाऱ्या बायाबापड्यांची गाणी, नाथपंथी साधूंची निर्गुणी भजने, सण-ऋतूंच्या माळवी धुना. नुसते ऐकून सोडले नाही. टिपून घेतले, ताडून पाहिले. रागांची मुळे अशा धुनांत आहेत, हा विचार तिथे पक्का झाला. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा मैफलीत आले ते वेगळे गाणे घेऊन. पुढे लगनगंधार, मालवतीसारखे धुनउगम राग आले, स्वतःच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ १९६५ साली प्रसिद्ध झाला, कबीराची निर्गुणी भजने घरोघरी पोचली. सक्तीच्या विश्रांतीत पेरलेले पुढे अनेक वर्षे उगवत राहिले.

मात्र एक गोष्ट अशा कथांत झाकली जाते. त्या काळात घर कोणी चालवले? भानुमतीबाईंनी. त्या स्वतः गायिका. देवासला त्यांनी शाळेत नोकरी धरली आणि नवऱ्याची शुश्रूषाही केली. धीराला रोजचा खर्च असतो आणि तो कोणाला तरी भरावा लागतो. कलावंताचे कौतुक करताना हे नाव विसरू नये.

दुसरे उदाहरण धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांचे. त्यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या, नाव झाले होते. तरी ते अल्लादियाखाँसाहेबांचे पुत्र मंजीखाँ यांच्याकडे नव्याने शिकायला बसले. १९३७ साली मंजीखाँ गेले, तेव्हा त्यांचे बंधू भुर्जीखाँ यांच्याकडे तालीम पुढे चालू ठेवली. अनवट रागांची ती अवघड वाट. पद्मश्री मिळाली १९७० साली, साठीच्या उंबरठ्यावर. तोवर गाणे थांबले नव्हते आणि कमी-जास्त दादेने बदललेही नव्हते.

या दोघांकडून घ्यायचे ते हे, की धीर म्हणजे हात जोडून बसणे नव्हे. कुमारजींच्या मौनात रोजचे काम होते. मन्सूरांच्या प्रतीक्षेत रोजची तालीम होती. आपण कशासाठी थांबलो आहोत, हे ठाऊक असले की थांबणे जाचत नाही. ते ठाऊक नसेल, तर वीस वर्षांचा रियाजही नुसती उजळणी ठरतो.

घरच्यांनी काय करावे? पोटापाण्याची सोय मोकळेपणाने बोलावी. नोकरी करून गाणे जपण्यात कमीपणा नाही. मुलांना चांगल्या मैफलींना न्यावे, घरी गाणे ऐकावे, आपणही ऐकावे. स्पर्धेत भाग घ्यायला हरकत नाही, पण तिच्या निकालावरून गळ्याचे भविष्य ठरवू नये. आणि मुलगा किंवा मुलगी क्लासहून आली की ‘किती राग झाले?’ असे विचारण्याऐवजी ‘आज काय सापडले?’ असे विचारून पाहावे. उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, तर लागू द्यावा.